वर्षाला साजेशा वाघिणी

अमेरिकी धर्तीच्या मॉडेल रेल्वेत लेआउटवरचा काळ इंजिनाइतकाच मालगाडीच्या वाघिणींवरून ओळखला जातो. धान्याचे कोठार, सिमेंटची वखार, लाकडाचा अड्डा अशा प्रत्येक उद्योगाच्या सायडिंगवर कोणती वाघीण उभी करायची, हे दोन गोष्टींवर ठरते. लेआउटवर कोणते वर्ष चालू आहे आणि त्या उद्योगात कोणता माल येतो-जातो. यात वर्ष आधी ठरवावे लागते, कारण एकाच मालाची वाघीण दशकागणिक बदलत गेली.

धान्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९५५ सालच्या कॅन्ससमध्ये गव्हाच्या कोठारापाशी चाळीस फुटी बॉक्सकारच हवी. सुगीच्या आधी अशा वाघिणी झाडूनपुसून, कुठे गळती नाही ना हे पाहून तयार ठेवत. दाराच्या आतल्या बाजूने लाकडी फळ्या ठोकत, वर थोडी जागा मोकळी सोडत आणि तिथून नळीने गहू आत ओतत. १९६१ मध्ये सदर्न रेल्वेने ‘बिग जॉन’ नावाचे सुमारे शंभर टनी ॲल्युमिनियमचे झाकणबंद हॉपर आणून धान्याचे दर साठेक टक्क्यांनी उतरवण्याचा प्रस्ताव मांडला. हॉपर वरून भरतो आणि खालून रिकामा होतो, त्यामुळे फळ्या ठोकणे आणि फावड्याने गहू उपसणे दोन्ही टळले. तरीही हलक्या रुळांच्या शाखामार्गांना भरलेल्या हॉपरचे वजन पेलत नसे. म्हणून १९७५ च्या लेआउटवर एकाच कोठारापाशी हॉपर आणि जुनी बॉक्सकार शेजारी शेजारी शोभून दिसतात.

इतर मालाचेही तसेच आहे. कापीव लाकूड आधी बॉक्सकारमधून हाताने उतरवले जाई. पुढे ते दोन्ही टोकांना भिंती असलेल्या सपाट वाघिणींवर आले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मध्ये उभी चौकट असलेल्या सेंटरबीमवर. फळे-भाज्यांसाठीच्या बर्फाच्या वाघिणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालतात, त्यानंतर यांत्रिक शीतकरणाच्याच घ्याव्यात.

प्रकार जमला की तपशील तपासावा. लाकडी बॉक्सकारखाली जुन्या धाटणीचे आर्च-बार ट्रक (चाकांचे सांगाडे) असतील, तर ती १९४० नंतरच्या लेआउटवर इतर कंपन्यांच्या मार्गांवर फिरू शकत नाही. १९६६ नंतर बांधलेल्या बॉक्सकारच्या छतावर चालण्याच्या फळ्या नसतात. वाघीण ओळखण्यासाठीची रंगीत पट्ट्यांची ‘कारट्रॅक’ लेबले १९६७ नंतरची, तर चाकतपासणीचे ठिपके १९७८ चे. वाघिणीच्या अंगावर बांधणीचा महिना आणि वर्ष रंगवलेले असते. वजनाच्या आकड्याशेजारी ‘न्यू’ हा शब्द फक्त कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या वाघिणीवर असतो. फेरवजन झाले की त्याच्या जागी ते जिथे झाले तिथली खूण आणि तारीख येते. म्हणून १९४७ ची पुलमन-स्टँडर्डची पीएस-१ बॉक्सकार १९५५ च्या लेआउटवर ‘न्यू’ अक्षरांसह उभी करणे चुकीचे ठरते.

मालकीही वर्षाशी जुळावी. पेन सेंट्रल ही रेल्वे कंपनी १ फेब्रुवारी १९६८ रोजी आणि कॉनरेल १ एप्रिल १९७६ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या लेआउटवर त्यांची नावे येत नाहीत. उलट विलीन झालेल्या कंपन्यांची जुनी नावे नंतरही बरीच वर्षे वाघिणींवर फिरत राहिली. इथे मूळ नियम दिसतो. ठरवलेल्या वर्षानंतरची वाघीण कधीच चालत नाही. त्याआधीची मात्र योग्य मळ, गंज आणि नव्या तारखांसह चालते, फक्त तिची सेवेतली वर्षे संपलेली नसावीत.

नव्याने लेआउट उभारणाऱ्याने म्हणूनच दुकानातला रंग पाहून खरेदी करू नये. आधी वर्ष लिहून ठेवावे, मग प्रत्येक उद्योगाचा येणारा-जाणारा माल लिहावा, त्या वर्षाची तारीख असलेली छायाचित्रे पाहावीत आणि मगच वाघीण घ्यावी. अशा मोजक्या, नेमक्या वाघिणी रेल्वेचा खरा इतिहास सांगतात.