गादी मिळाली, पण गोळी कोण देणार?

थंडी पडली की दरवर्षी मेसेज यायला लागतात. "ताई, पुलाखाली एक आजी बसलेल्या असतात, स्वतःशीच बोलतात. त्यांना निवाऱ्यात सोडता येईल का?" विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणून आज सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

गेली सहा वर्षं मी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी बेघर निवारा केंद्रात जाते. बऱ्याच जणांना वाटतं, माणूस एकदा निवाऱ्यात पोचला की विषय संपला. खरी अडचण तिथून पुढे असते. निवाऱ्याच्या दारात ऐकायला मिळतं, "डोक्यावर परिणाम झालेला माणूस नको, बाकीच्यांना त्रास होतो." मग त्याला सरकारी दवाखान्यात न्यावं, तर तिथं विचारतात, "नातेवाईक कोण? आधार कार्ड कुठंय? सही कोण करणार?" ज्याला छपराची सगळ्यात जास्त गरज, तोच दोन्ही दारांतून परत फुटपाथवर येतो.

निवाऱ्याच्या काळजीवाहकाला मी दोष देत नाही. रात्रपाळीला एकटा माणूस, समोर पन्नास-साठ गाद्या. रात्री दोनला कुणीतरी ओरडत उठतं, "मला मारायला आलेत." त्यानं काय करायचं, हे त्याला कुणीही शिकवलेलं नसतं. कपाटात प्रथमोपचार पेटी असते, भिंतीवर पोलिसांचा नंबर असतो. तो फोन पोलिसांनाच करणार. आणि दुसऱ्या दिवशीपासून तशी माणसं दारातच थांबवणार.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा आहे, लागू झाला मे 2018 मध्ये. त्यात स्पष्ट लिहिलंय की बेघर आणि निराधार व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य केंद्रांत उपचार पूर्ण मोफत. दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी. कलम 100 पोलिसांसाठी आहे. मानसिक आजार असल्यासारखी वाटणारी, रस्त्यावर भटकणारी व्यक्ती संरक्षणात घेतली, तर 24 तासांच्या आत तिला सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. भरती करायची गरज नसेल आणि ती बेघर असेल, तर सरकारी निवाऱ्यात पोचवायचं.

म्हणजे दवाखान्यातून निवाऱ्यापर्यंतचा रस्ता कायद्यानंच आखलाय. पण निवाऱ्यात पोचल्यावर तपासणार कोण, रोजची गोळी देणार कोण, याची सोय आपल्याकडे झालेली नाही.

आणि सगळी गंमत त्या रोजच्या गोळीत आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषध महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. घरी आई असते, बायको असते, ती आठवण करते. फुटपाथवर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला जाते, पावसात भिजते, अतिक्रमणवाले सामान उचलतात तेव्हा केसपेपरसुद्धा त्यात जातो. तीस दिवसांच्या गोळ्या हातात देऊन "पुढच्या महिन्यात ओपीडीला या" म्हणणं, म्हणजे उपचार केल्यासारखं दाखवणं आहे.

एका ताईंनी मला सरळ सांगितलं होतं, "त्या गोळीनं गाढ झोप लागते. रस्त्यावर बाईमाणसानं गाढ झोपून कसं चालेल?" कागदावर लिहिणार, रुग्ण औषध घ्यायला नकार देते. पण त्यांचं म्हणणं शहाणपणाचंच होतं ना? त्यांना निवाऱ्यात आतल्या बाजूची जागा मिळाली, दाराला आतून कडी होती, आणि तिथं त्यांनी गोळी घ्यायला सुरुवात केली. औषध तेच होतं, फक्त झोपायची जागा बदलली होती. म्हणून निवारा आणि उपचार ही दोन वेगळी कामं नाहीत, असं मी म्हणते. ती एकाच छपराखाली झाली पाहिजेत.

हे होऊ शकतं का? दुसऱ्या शहरांत झालंय. दिल्लीत इहबास ही सरकारी मनोरुग्णसेवा संस्था आणि आश्रय अधिकार अभियान यांनी मिळून जामा मशीद परिसरात बेघरांसाठी मानसोपचाराचं क्लिनिक चालवलं, डॉक्टर माणसांपर्यंत गेले. कोलकात्यात ईश्वर संकल्प ही संस्था मानसिक आजार असलेल्या बेघर बायकांसाठी निवारा चालवते. रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी त्यांनी तिथल्याच चहावाल्याला, दुकानदाराला हाताशी धरलं. रोजचं जेवण आणि गोळी त्याच्या हातून. चेन्नईत बॅनियनचं काम 1993 पासून चालू आहे. आपल्याकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या गावी पोचवते. त्या कामासाठी 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण प्रत्येकाला परत जायला घर नसतं. काहींना घरानंच बाहेर काढलेलं असतं. त्यांचं काय, हा प्रश्न शहरानंच सोडवायचा आहे.

एक धोकाही सांगते. निवाऱ्यात मानसोपचार आणायचा म्हणजे निवाऱ्याचं वेड्यांचं इस्पितळ करायचं नाही. मनोरुग्णालयातली माणसं भिक्षेकरी गृहांत वगैरे हलवायचा प्रकार महाराष्ट्रात झाला होता आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो तात्काळ थांबवायला सांगितलं. शिवाय प्रत्येक बेघर माणूस मनोरुग्ण नसतो. बहुतेक जण हमाली, कचरावेचणी, केटरिंगची कामं करणारे असतात, भाडं परवडत नाही म्हणून बाहेर झोपतात. त्यांनाही ताण असतो, दारू असते, घर तुटल्याचं दुःख असतं. त्यांना बोलायला माणूस हवा, प्रत्येकाला गोळी नको. आणि जे काही करायचं ते विचारून, समजावून. गाडीत कोंबून आणलेला माणूस पुन्हा कधीच विश्वास ठेवत नाही.

आपण मागायचं काय, तर चार साध्या गोष्टी.

एक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पंधरा दिवसांतून एकदा निवाऱ्यातच ओपीडी घ्यावी. संध्याकाळी, कारण दिवसा लोक कामावर असतात.

दोन, औषधं निवाऱ्यात कुलूपबंद कपाटात राहावीत आणि रोज रात्री सही घेऊन दिली जावीत. ज्यांना रोजची गोळी जमत नाही, त्यांच्यासाठी दोन-चार आठवड्यांतून एकदा द्यायची इंजेक्शनं असतात. ती द्यायची का, ते डॉक्टरांनी ठरवावं.

तीन, काळजीवाहकांना प्रशिक्षण आणि नीट पगार. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, गर्दी कशी हटवायची, कुणाला कधी बोलवायचं हे शिकवता येतं. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 नंबर मोफत आहे, तो पोलिसांच्या नंबरच्या वर चिकटवा.

चार, आधार कार्ड नाही म्हणून केसपेपर अडवू नये, असं लेखी पत्र दवाखान्याच्या खिडकीवर लावावं.

यासाठी नवीन इमारत लागत नाही, नवीन कायदाही लागत नाही. आरोग्य खात्याची फाइल आणि निवाऱ्याची फाइल एका टेबलावर आणायला लागते. ती आणत नाहीत, कारण विचारणारं कुणी नाही. या माणसांची नावं बहुतेक वेळा मतदार यादीत नसतात.

आपली आहेत. म्हणून पुढच्या वेळी नगरसेवक भेटले की रस्ता आणि पाण्याबरोबर एवढंही विचारा: आपल्या भागातल्या निवाऱ्यात डॉक्टर शेवटचे कधी आले होते? काय उत्तर मिळतं ते कमेंटमध्ये लिहा. सगळी उत्तरं एकत्र करून आयुक्तांना निवेदन द्यायचा विचार आहे. सही करायला कोण कोण येणार, तेही सांगा.