मध्यस्थाची दक्षिणा

संस्कृतांत ‘मध्यस्थ’ या शब्दाचा अर्थ मोठा सुंदर आहे. दोन पक्षांच्या मध्यें उभा असून कोणत्याहि पक्षाकडे न झुकणारा, निःपक्षपाती पुरुष, असा अर्थ कोशकार देतात. पस्तीस वर्षें मी वर्गांत हाच अर्थ मुलांना सांगत आलों. सेवानिवृत्तीनंतर मात्र या शब्दाचा एक निराळाच अर्थ दृष्टीस पडूं लागला आहे. नागरिक आणि सरकार यांच्या मध्यें उभें राहून, सरकार जें फुकट अथवा अल्प शुल्कांत देतें तेंच दामदुपटीनें विकणारा, असा तो अर्थ होय. या मध्यस्थाचें दुकान बाजारांत नाहीं, संगणकाच्या पडद्यावर आहे. त्यामुळें तें दुकान आहे हेंच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

आमच्या शेजारीं एक विधवा बाई राहतात. यजमान गेल्यापासून भाजणी, मेतकूट, पापड करून त्या संसार चालवितात. बँकेचें कर्ज मिळावयास सोपें जावें म्हणून आपल्या व्यवसायाची ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या, असें त्यांना कोणीसें सांगितलें. भाच्यानें मोबाइलवर शोध केला आणि जें संकेतस्थळ सर्वांत वर आलें तें उघडलें. माथ्यावर अशोकस्तंभाची आकृति, कडेला तिरंगी पट्टा, मध्यें ठळक अक्षरांत नोंदणीचा अर्ज. त्यानें माहिती भरली, आधार क्रमांक दिला आणि २,९९९ रुपये भरले. तिसऱ्या दिवशीं प्रमाणपत्र आलें. तें घेऊन बाई आनंदानें आमच्याकडे आल्या. “गुरुजी, सरकारदरबारीं माझी नोंद झाली,” असें म्हणून त्यांनीं पेढा हातावर ठेवला.

मीं प्रमाणपत्र पाहिलें. तें अस्सल होतें. खर्च किती आला म्हणून विचारलें, तेव्हां हा आंकडा कळला. केंद्र सरकारनें १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू केली, तिला एक पैसाहि शुल्क नाहीं, कोणताहि कागद जोडावा लागत नाहीं, आधार व पॅन यांचे क्रमांक आणि व्यवसायाची थोडी माहिती एवढ्यावर काम भागतें, हें मीं त्यांना सांगितलें. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला वाटलें, हा सरकारचाच दर. सरकार गरिबालाहि सोडीत नाहीं, असें मनांत म्हणालें आणि पैसे भरले. भाच्याला मात्र हें सांगूं नका हो, पोराला उगीच वाईट वाटेल.”

बाईंचे तीन हजार गेले, ही हानि लहान नव्हे. परंतु त्यांच्या बोलण्यांतील पहिलें वाक्य मला अधिक लागलें. मीं विचारलें नसतें तर जन्मभर त्यांची समजूत तीच राहिली असती. ज्या गोष्टीसाठीं सरकारनें कांहींहि घेतलें नाहीं, तिच्यासाठीं सरकारनेंच आपल्याला लुबाडलें, असें त्या दहा जणींना सांगत्या. पैसा मध्यस्थाच्या पदरीं आणि अपकीर्ति सरकारच्या माथीं, अशी ही वांटणी आहे. ज्या राज्याविषयीं सामान्य माणसाच्या मनांत असा ग्रह घर करून बसतो, त्या राज्याची चांगली योजनाहि मग त्याच्या दारापर्यंत पोंचत नाहीं; कारण ती मागावयास तो जातच नाहीं.

हें उदाहरण एकटें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. पॅनची गोष्ट घ्या. आधारच्या साह्यानें आयकर खात्याच्या स्थळावर ई-पॅन कांहीं मिनिटांत निःशुल्क मिळतें. ही सोय २०२० पासून आहे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत दिली तर नोंदणीस शुल्क नाहीं, आणि खबर देणाऱ्यास दाखल्याची पहिली प्रत फुकट द्यावी, असें १९६९ चा जन्ममृत्यु नोंदणीचा कायदाच सांगतो. ३६ पानी साध्या पासपोर्टाचें शुल्क १,५०० रुपये असून भेटीची वेळ घेण्यास निराळे पैसे पडत नाहींत. माझ्यासारख्या निवृत्तांना लागणारा हयातीचा दाखलाहि ‘जीवन प्रमाण’ या योजनेंत २०१४ पासून संगणकावर मिळतो, आणि आतां तर मोबाइलला चेहरा दाखविला कीं घरबसल्या विनामूल्य निघतो. तें जमत नसेल तर पोस्टमन घरीं येऊन ७० रुपयांत तो काढून देतो. असें असतां यांतील प्रत्येक गोष्टीसाठीं सरकारी वेष पांघरून बसलेले दुकानदार आहेत, आणि त्यांना गिऱ्हाइकांची वाण नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, दुसऱ्याकडून काम करून घ्यावयाचें तर मोबदला द्यावयास नको काय? अवश्य द्यावा. आमच्या लहानपणीं मामलेदार कचेरीच्या आवारांत वडाखालीं अर्जनवीस बसत. ज्याला लिहितां येत नसे त्याचा अर्ज ते वळणदार अक्षरांत लिहून देत आणि ठरलेले पैसे घेत. त्यांच्यावर कोणीं कधीं बोट ठेवलें नाहीं. परंतु तो अर्जनवीस स्वतःस मामलेदार म्हणवीत नसे. त्याचे पैसे निराळे, कचेरीचें तिकीट निराळें, हें अडाणी कुळालाहि ठाऊक असे. आजहि गल्लींतील केंद्रचालक दरपत्रक भिंतीवर लावून, पावती देऊन अर्ज भरून देत असेल तर तो त्याच परंपरेंतला, आणि त्याचे श्रम मोलाचे. आक्षेप मोबदल्यास नाहीं, सोंगास आहे.

आणि हें सोंग मोठ्या सावधपणें वठविलेलें असतें. पानाच्या अगदीं तळाशीं, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, ‘ही खासगी सल्लागार संस्था आहे, सरकारशीं तिचा संबंध नाहीं’ असें लिहिलेलें असतें. प्रमाणपत्र खरें, सूचना छापलेली, पैसे स्वखुषीनें भरलेले. मग फसवणूक ती कोणती, असा त्यांचा सवाल. राजमुद्रेचा गैरवापर रोखणारा २००५ चा कायदा आहे खरा. मुद्रेची फसवी नक्कलहि त्याच्या कक्षेंत येते, परंतु तेवढ्यानें हीं सोंगें थांबलेलीं नाहींत. शोधाच्या यादींत हीं स्थळें वर दिसतात तीं गुणांमुळें नव्हेत. त्या जागेसाठीं पैसे मोजलेले असतात, आणि ‘प्रायोजित’ अशी बारीक खूण तेथें असते. शिवाय आपला आधार क्रमांक, जन्मतारीख, मोबाइलवर आलेला संकेतांक हें सर्व आपण अनोळखी माणसाच्या हातीं देतों, त्याचें पुढें काय होतें हें आपल्याला कळण्यास मार्ग नाहीं.

सरकारकडेहि दोष आहेच. त्याच्या स्थळांवरील मराठी पुष्कळदां अशी असते कीं संस्कृत शिकलेल्या मलाहि ती दोनदां वाचावी लागते. अर्ज अर्धा भरून झाला कीं यंत्र रुसतें आणि पुन्हां श्रीगणेशा करावा लागतो. दुकानदाराचें पान मात्र सोपें, चटकन् चालणारें. घाट चिखलाचा ठेवला तर लोक नावाड्यास जास्त पैसे देणारच. तरी महाराष्ट्रांत २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित दाखला ठरल्या मुदतींत मिळणें हा त्यानें आपला हक्क ठरविला. मुदत टळली तर अपील करतां येतें, आणि कारणावांचून चुकणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हें सुशिक्षित घरांतूनहि किती जणांस ठाऊक आहे?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शुल्काध्यक्षाचें प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा उभारावी आणि तेथें ध्वज लावावा, असें त्यांत सांगितलें आहे. दुरून आलेल्या व्यापाऱ्यास खरी शुल्कशाळा ओळखतां यावी, हा त्या ध्वजाचा एक उपयोग खासच असला पाहिजे. आजच्या शुल्कशाळेलाहि असा ध्वज आहे. स्थळाच्या पत्त्यांत पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीं ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ हीं अक्षरें असावीं. तीं सरकारी संस्थांवांचून कोणास मिळत नाहींत. ‘जीओव्ही’ हीं अक्षरें पत्त्यांत भलत्याच जागीं घुसविलेलीं असतील तर तो ध्वज नव्हे, फडकें समजावें. पासपोर्ट, उद्यम, जीवन प्रमाण, आपले सरकार, या सर्वांचे पत्ते या कसोटीस उतरतात. पैसे भरण्यापूर्वीं एवढें एकदां पाहिलें तरी निम्मी फसवणूक टळेल. आणि सरळ ठकवून पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावें.

माझ्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं हें ओळखणारें एखादें माणूस असेल. परंतु आपल्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंच्या, दूध घालणाऱ्याच्या, रिक्षा चालविणाऱ्याच्या घरीं तें असेलच असें नाहीं. पूर्वीं गांवांत ज्याला अक्षरओळख असे तो शेजाऱ्याचें पत्र वाचून दाखवी आणि उत्तरहि लिहून देई. त्याबद्दल कोणी दक्षिणा मागत नसे. तोच धर्म आज नव्या रूपांत आपल्याकडे आला आहे. आमच्या घरीं आतां रविवारीं सकाळीं तासभर नात संगणक घेऊन ओसरीवर बसते, मी शेजारीं चष्मा लावून अर्जांतील बोजड शब्दांचा अर्थ सांगतों, आणि ज्याचा अर्ज असेल तो माणूस आपला संकेतांक आपल्या हातानें भरतो. गेल्या चार महिन्यांत अकरा जणांचीं कामें अशीं झालीं. पहिल्या रविवारीं जिचें काम झालें ती बाई आतां स्वतःच आणखी कोणाकोणाला घेऊन येते.