वेबसाइटची चावी वाचनालयाकडेच हवी

आपल्या विहारांतल्या वाचनालयांत काय असते? जुन्या स्मरणिका, जलशांच्या गाण्यांच्या पुस्तिका, आणि दीक्षाभूमी-चैत्यभूमीवरच्या स्टॉलवरून आपल्या माणसांनी पोटाला चिमटा काढून आणलेली पातळ पातळ पुस्तके. मोठ्या ग्रंथालयांत यातले पुष्कळसे सापडायचे नाही. ते आपल्या कपाटात आहे, पण गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नाही. म्हणून मी तीन-चार वाचनालयांच्या वेबसाइटच्या कामात हात घातला.

पहिला प्रश्न हमखास येतो, "दादा, खर्च किती?" गूगल साइट्सवर किंवा ब्लॉगरवर साधी साइट फुकट होते. स्वतःचे नाव, म्हणजे डोमेन, हवे असेल तर वर्षाला साधारण हजार रुपये धरावेत. पहिल्या वर्षी स्वस्त देऊन दुसऱ्या वर्षी दर चढवतात, तेवढे आधी विचारून घ्यावे. एका ठिकाणी ठेकेदाराने हलती चित्रे नि संगीत घालून भलेमोठे बिल लावले होते. पान उघडेपर्यंत वाचकाच्या मोबाइलचा डेटा संपायचा! वाचनालयाची वेळ मात्र त्यात कुठेच नव्हती.

पत्ता, वेळ, सुट्टीचा वार आणि पुस्तकांची यादी, एवढे पुरे. सभासदांची नावे नि फोन तेथे टाकू नयेत. खरे कष्ट यादीचे. पूर्वी डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये केलेली यादी वेबसाइटवर चढवली की नुसती अगम्य अक्षरे दिसतात. शोधणाऱ्याला काही सापडत नाही. ती युनिकोडमध्ये आणावीच लागते. आमच्या वस्तीतल्या दोन मुलींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून एकेक जोडाक्षर तपासले.

पुस्तकेच स्कॅन करून टाका, असेही काही बांधव म्हणतात. बाबासाहेबांनी हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून स्वामित्वहक्कातून मोकळे झाले आहे. पण आजच्या कवी-लेखकांचे तसे नाही. त्यांना विचारल्याशिवाय पान टाकणे म्हणजे आपल्याच माणसाचा घास काढणे.

साइट बंद पडते ती बहुधा पैशावाचून नव्हे. ज्या पोराने बनवली तो नोकरीला दूर जातो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो, नूतनीकरणाची तारीख चुकते आणि नाव दुसराच कोणी घेतो. त्यात पोराचा दोष नाही. खाते वाचनालयाच्या ईमेलवर काढावे, पासवर्ड बंद पाकिटात चिटणीस आणि ग्रंथपाल दोघांकडे ठेवावा, आणि वार्षिक खर्च वीजबिलाशेजारी जमाखर्चात लिहावा.

आमची यादी आता अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई सांभाळतात. रविवारच्या वंदनेनंतर मोबाइलवरूनच नव्या पुस्तकांची भर घालतात. परवा त्यांनी विचारले, "जलशाच्या वह्या हाताने लिहिलेल्या आहेत, त्या पुस्तकांत धरायच्या का?" मी म्हटले, आधी त्याच लिहा.