सरवा



रूथचे पुस्तक लहानसे, चारच अध्यायांचे. तिने सासूला दिलेले वचन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. लग्नाच्या मिस्सेतही ते पुष्कळदा ऐकू येते. पण दुसऱ्या अध्यायातला प्रश्न आपण पटकन ओलांडून जातो. वचन दिले, परक्या गावी पोहोचलो, आता उद्या खायचे काय? रूथ मवाबी, म्हणजे परकी. त्यात विधवा. ती बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचायला जाते. शेताच्या कडा पुरत्या कापू नयेत, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, असा नियम लेवीयात सांगितला आहे. रूथ त्या नियमावर जगली.

आम्ही दोघांनी हा अध्याय पूर्वी किती वेळा वाचला असेल! तो समजला मात्र २०२३ च्या डिसेंबरात, बेळगावपासून फार दूर, कॅनडातल्या विनिपेग शहरात. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही तिथे सहा महिने होतो. घराजवळच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी गेलो तर निम्म्याहून अधिक माणसे फिलिपिनो. गोव्याच्या वाचकांना फिलिपिनो लोक नवीन नाहीत. आपले कितीतरी तारवटी त्यांच्याबरोबर जहाजावर काम करतात. कॅनडात २०२१ च्या जनगणनेत त्यांची संख्या साडेनऊ लाखांहून जास्त होती. विनिपेगला तर ते साठच्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या संख्येने येत आहेत. आधी कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकामाला बायका आल्या, मग त्यांची कुटुंबे.

नाताळाआधी १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस त्यांची ‘सिंबांग गाबी’ असते. त्यांच्या देशात ही मिस्सा पहाटे अंधारात होते. विनिपेगच्या त्या चर्चमध्ये थंडी आणि नोकऱ्या सांभाळून ती संध्याकाळी ठेवली होती. मिस्सेनंतर खाली हॉलमध्ये खाणे. तांदळाचे बिबिंका आम्हाला आपल्या घरच्यासारखे वाटले. आम्ही लेकीसाठी नेलेला बेळगावचा कुंदा एका संध्याकाळी तिथे नेला, तो पाच मिनिटांत संपला.

तिथेच आम्हाला आते भेटली. त्यांच्या भाषेत ‘आते’ म्हणजे थोरली बहीण. सगळे तिला तसेच हाक मारत, म्हणून आम्हीही मारू लागलो. वय पंचेचाळीसच्या आसपास. ती आम्हाला ‘तितो’ आणि ‘तिता’ म्हणे, म्हणजे काका आणि काकू. दुसऱ्या संध्याकाळी हॉलच्या मागच्या दाराशी गरजूंना धान्याच्या पिशव्या देत होते. आम्ही हातभार लावायला उभे होतो. रांगेत आते होती. तिने तांदूळ आणि डाळीचे डबे घेतले आणि मान खाली घालून निघून गेली.

आता खरे सांगितले पाहिजे. त्या रात्री घरी येऊन आम्ही दोघे बोललो ते चांगले नव्हते. ही बाई दोन नोकऱ्या करते, दर महिन्याला गावी पैसे पाठवते, आणि इथे फुकटचे तांदूळ नेते! मनातल्या मनात आम्ही तिचे डॉलर साठाने गुणत होतो आणि ती आम्हाला श्रीमंत वाटत होती. तिला घरभाडे, बस आणि मुलांचे थंडीचे बूट त्याच डॉलरमध्ये भागवावे लागतात, हे आमच्या लक्षातच आले नाही.

पुढच्या संध्याकाळी ती स्वतःच आमच्या शेजारी येऊन बसली आणि हळूहळू बोलू लागली. ती गावी शाळेत शिक्षिका होती. नवरा वारला तेव्हा मुलगी चार वर्षांची, मुलगा एक वर्षाचा. त्यांना आजीकडे ठेवून २०१० साली ती हाँगकाँगला घरकामाला गेली. तिथून २०१३ मध्ये कॅनडाला, दुसऱ्यांची मुले सांभाळायला. तेव्हाचा नियम असा की मालकाच्या घरी राहून चार वर्षांच्या आत चोवीस महिन्यांचे काम पुरे करायचे, मग कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा. अर्जाचा निकाल लागायला आणखी काही वर्षे. मुले तिच्याकडे आली ती २०१९ मध्ये. नऊ वर्षांत ती त्यांना दोनदा भेटली होती. मुलगा विमानतळावर आजीसाठी रडला. आईला तो ‘मॅडम’ म्हणाला.

मुलांच्या फीसाठीच ती निघाली होती. पण पैसे पाठवायला लागल्यावर त्या पैशांवर आईचे औषध चालू लागले, बहिणीच्या मुलांची कॉलेजे चालू लागली. तिच्यासारख्यांनी २०२३ या एका वर्षात फिलिपिन्सला सुमारे साडेतेहेतीस अब्ज डॉलर पाठवले. आकडा मोठा आहे, पण तो अशा एकेका आतेच्या पगारातून जमलेला. मॅनिटोबा प्रांतात तेव्हा किमान वेतन तासाला १५ डॉलर ३० सेंट होते. तिच्या दोन्ही कामांचा पगार त्याच्याच आसपास. दिवसा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, रात्री ऑफिसांची साफसफाई. शिक्षिकेची पदवी कपाटात.

आणि मुलगी सतरा वर्षांची झाली होती, बारावीत. तिला नर्स व्हायचे होते. पण तिने आईला सांगून टाकले होते की शाळा संपली की मी तुझ्याबरोबर साफसफाईला येते, तू एक नोकरी सोड. हे सांगताना आते रडली नाही. एवढेच म्हणाली, “तिता, मी तिला शिकवायला तिला सोडून गेले. आता ती मला विश्रांती द्यायला शिक्षण सोडते आहे. मग ही नऊ वर्षे कशासाठी?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. पण हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल होते. तिथे एक निवृत्त हिशेबनीस रोज संध्याकाळी बसत. सगळे त्यांना ‘कुया’ म्हणत, म्हणजे थोरले भाऊ. त्यांची आई शिवणकामाला आलेल्या पहिल्या बायकांपैकी. टेबलावर अर्ज, पेन आणि चहाचा थर्मास. त्यांनी आम्हाला जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे.

कॅनडात मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी आईवडिलांना एक खास बचत खाते काढता येते. त्यात आपण जे भरू त्यावर केंद्र सरकार २० टक्के घालते, साधारणपणे वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, आणि एका मुलासाठी एकूण ७,२०० पर्यंत. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी वेगळी मदत आहे. २००४ पासून जन्मलेल्या मुलांना पहिल्या पात्र वर्षाचे ५०० डॉलर आणि पंधराव्या वर्षापर्यंत दर पात्र वर्षाला १०० डॉलर, जास्तीत जास्त २,०००. यासाठी घरच्यांनी एक सेंटही भरावा लागत नाही. खाते काढायचे आणि मागायचे, एवढेच. राहून गेलेल्या वर्षांचेही मिळते. शिवाय कायम वास्तव्य मिळालेल्या घरातल्या कॉलेजविद्यार्थ्याला परत न करण्याचे अनुदान त्या वर्षी ४,२०० डॉलरपर्यंत होते, आणि केंद्राच्या शैक्षणिक कर्जावरचे व्याज १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले होते.

पण काही दारे बंदही होतात. वीस टक्क्यांचे अनुदान सोळाव्या-सतराव्या वर्षी हवे असेल, तर मूल पंधरा वर्षांचे होते त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत खात्यात किमान २,००० डॉलर, किंवा कोणत्याही चार वर्षांत दरवर्षी किमान १०० डॉलर भरलेले असावे लागतात. मुलीसाठी हे दार बंद झाले होते. चौदा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष उरले होते.

म्हणजे शेतात कणसे पडलेली होती. चार वर्षे पडून होती. आणि आते त्याच शेतातून रोज दोनदा कामावर जात होती.

ती टेबलापाशी का जात नव्हती? आम्हाला वाटले, माहीत नसेल. तसे नव्हते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकीने घरी आलेल्या विक्रेत्याकडून मुलांच्या शिक्षणाची एक योजना घेतली होती. सुरुवातीचे हप्ते बहुतेक शुल्कातच गेले. साठ दिवसांत करार रद्द करता येतो हे तिला कोणी नीट सांगितले नाही. पुढे काम सुटले, हप्ते चुकले आणि हाती फारसे काही आले नाही. तेव्हापासून आतेला अशा कागदांची भीती बसली. दुसरे कारण तिने फार हळू सांगितले. गावी भाच्यांची फी थकलेली असताना आपल्या मुलांसाठी पैसे बाजूला ठेवायचे म्हणजे पाप वाटते. आणि तिसरे कारण लाजेचे. तांदळाची पिशवी नेताना आपण तिच्याकडे कसे पाहिले, हे तिने पाहिले होते. ती हे बोलली नाही. पण आम्हाला कळले.

आठव्या संध्याकाळी आम्ही फार काही केले नाही. आमच्यातल्या एकाने तिच्या मुलाला बुद्धिबळाच्या पटाशी बसवले आणि दुसरी तिच्या शेजारी टेबलापाशी जाऊन बसली. अर्ज आम्हाला समजत नव्हते. नुसते शेजारी बसलो. कुयांनी प्रत्येक ओळ तिच्या भाषेत वाचून दाखवली, कुठेही शुल्क नाही हे दोनदा सांगितले, आणि म्हणाले, “आज सही करू नकोस. घरी ने, लेकीला वाचायला दे.” नवव्या संध्याकाळी मायलेकी दोघी आल्या. मुलगी अर्ज भरत होती आणि आई तिला जन्मतारखा सांगत होती. दोघींची डोकी एका कागदावर वाकलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली.

मे महिन्यात आम्ही परत आल्यावर आतेचा फोन आला. मुलीला नर्सिंगसाठी प्रवेश मिळाला. मुलाच्या खात्यात ती थोडे थोडे भरते आहे. रात्रीची साफसफाई अजून सुटलेली नाही, आणि घरात मुलगा अजूनही कमीच बोलतो. नऊ वर्षांची भरपाई करणारे खाते कुठल्याच सरकारकडे नसते.

पण आम्हाला टोचले ते वेगळेच. आमच्या पॅरिशमध्येही शिक्षण-मदत निधी आहे आणि आम्ही दोघे त्याच्या समितीत आहोत. आदल्या वर्षी निधी शिल्लक राहिला होता. सभेत आम्ही मोठ्या समाधानाने सांगितले होते की कोणी गरजू आलेच नाही. बाहेरगावाहून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, रविवारी शेवटच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबांना आम्ही कधी विचारले होते का? अर्जाबरोबर पाच दाखले मागितले होते. त्यांतला एक तरी त्यांच्याकडे असेल का, याचा विचार केला होता का?

बवाजाने रूथला सरवा वेचायची परवानगी दिली आणि तो तिथेच थांबला, असे झाले नाही. त्याने गड्यांना सांगितले की पेंढ्यांतूनही काही मुद्दाम काढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. तिला जेवायला जवळ बसवले. आणि रूथने काय केले? स्वतः पोटभर खाऊन उरलेले सासूसाठी घरी नेले. गावी पैसे पाठवणाऱ्या आतेला त्या रात्री आम्ही नावे ठेवली, तेव्हा आम्हाला रूथ ओळखता आली नाही.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर आमच्या हॉलमध्येही एक टेबल असते. शिष्यवृत्तीचे अर्ज, पेन आणि चहा. दाखले आता दोनच लागतात. पहिल्या महिन्यात कोणी आले नाही. दुसऱ्या महिन्यात शेवटच्या बाकावरची एक आई आली, तीही आधी नुसती लांब उभी राहिली. आम्ही उठून तिच्याकडे गेलो.

हे प्रभू येशू, तूही लहानपणी आईबापांबरोबर मिसर देशात परका होतास. घरापासून दूर राबणाऱ्या सगळ्या आयांना बळ दे. त्यांच्या मुलांना शिक्षण दे आणि त्यांची आईही त्यांना परत दे. आमच्या शेतात कोण उभे आहे ते पाहायला आम्हाला डोळे दे, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम कणसे टाकणारे हात दे. आमेन.