बंड्याची युरोपवारी

बंड्याकडे युरोपचा पासपोर्ट आहे. माझ्याकडे नाही!

निळं कव्हर, वर गोल ताऱ्यांची रांग, आत मायक्रोचिपचा नंबर आणि रेबीजच्या लशीच्या नोंदी. मी शेंगेन व्हिसावर, म्हणजे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. बंड्याला ही मोजामोज नाही. आणि हे महाशय मूळचे कुठले? कोथरूडचे. रिक्षास्टँडवर वाढलेलं अस्सल गावठी कुत्रं.

माझी मैत्रीण २०२१ मध्ये नोकरीसाठी म्युनिकला गेली, ती त्याला घेऊनच. भारतातून युरोपियन युनियनमध्ये कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, किमान ३० दिवसांनी रक्ताची टेस्ट आणि रक्त दिल्यानंतर तीन महिने नुसतं थांबायचं. बाईसाहेबांचा व्हिसा हातात आणि बंड्याची फाइल लटकलेली! सगळे म्हणाले, सोड नाद. तिने सोडला नाही.

गेल्या जुलैत तिचा फोन आला, ‘कॅम्पर भाड्याने घेतेय. दोन आठवडे. येतेस?’

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं वन आरके. दोन शेगड्या, घडीचं टेबल, पलंगाखाली कपडे. रोमँटिक वाटतंय ना? टॉयलेटची टाकी रिकामी करायची पाळी तुमच्यावर आली की मग बोलू! जर्मनीत अशा गाड्यांसाठी गावोगावी ‘श्टेलप्लाट्झ’ असतात, साधे पार्किंगचे तळ. तिथे रात्र काढायची, सकाळी पोहे करायचे आणि निघायचं.

प्लॅन माझा होता. म्युनिकहून ऑस्ट्रिया, १,३७० मीटरवरची ब्रेनर खिंड ओलांडून इटली, डोलोमाइट्सचे डोंगर, मग व्हेनिस. कॉलेजपासून व्हेनिस माझ्या लिस्टवर. पण पहिल्याच दिवशी कळलं की प्लॅन बंड्या करणार. दर दोन तासांनी थांबायचं. उन्हात त्याला गाडीत एकटं ठेवायचं नाही. म्युझियममध्ये तो चालणार नाही, म्हणजे एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर पट्टा धरून बसायचं. व्हेनिसच्या बोटीत तर त्याला तोंडाला जाळी लागणार. मी मनातल्या मनात चरफडत होते. खोटं कशाला बोलू?

चौथ्या रात्री आम्ही मिझुरीना तळ्याजवळ होतो. उंची १,७५४ मीटर. अकराच्या सुमाराला वीज कडाडली आणि डोंगरांतून असा काही आवाज घुमला की बस्स. बाहेरचं कापडी छत गुंडाळायला मी दार उघडलं. बंड्या माझ्या पायांमधून सुटला आणि अंधारात गायब.

दीड तास! टॉर्च घेऊन, चिंब भिजत, इटलीच्या डोंगरात आम्ही दोघी मराठीत ओरडतोय, ‘बंड्याऽऽ, ये रे बाळा!’ शेजारच्या गाडीतले जर्मन आजी-आजोबा रेनकोट चढवून शोधायला आले. मैत्रीण रडत एकच वाक्य म्हणत होती, ‘मी त्याला इथे आणायलाच नको होतं.’ दार मी उघडलं होतं. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, त्याचंच जास्त लागत होतं.

सापडला तो आजोबांना. त्यांच्याच गाडीखाली, मागच्या चाकाला चिकटून बसलेला. कोथरूडला पावसात तो असाच रिक्षाखाली बसायचा. मैत्रीण चिखलात आडवी झाली, आत हात घातला आणि तशीच पडून राहिली. तो स्वतःहून बाहेर येईपर्यंत.

सकाळी मीच म्हटलं, व्हेनिस राहू दे. गर्दी, बोटी, तोंडाला जाळी, नकोच ते. आम्ही स्लोव्हेनियातल्या बोहिन्य तळ्याकडे वळलो. तिथे मनाला येईल तिथे गाडी लावून झोपता येत नाही, दंड बसतो, म्हणून रीतसर कॅम्पसाइट घेतली. सलग तीन दिवस काहीही पाहिलं नाही. बंड्या पाण्यात पंजे बुडवायचा आणि पळून यायचा.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. कॅम्परवाल्याला कुत्रा चालतो का, हे बुकिंगआधी विचारा. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियाच्या हायवेसाठी ‘व्हिन्येट’ लागतं, ते घ्या. ब्रेनरच्या रस्त्याचा टोल वेगळा असतो. नॉर्वे किंवा फिनलंडला जायचं तर कुत्र्याला आत शिरण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान डॉक्टरकडून जंताचं औषध द्यावं लागतं. आणि रात्री दार उघडण्याआधी पट्टा बांधा. हे मी अनुभवाने सांगतेय.

शेवटच्या रात्री मैत्रिणीने विचारलं, ‘पुण्यात असता तर जास्त खूश असता का गं?’

मला उत्तर सुचलं नाही. आभाळ भरून आलं होतं. तिने उठून बंड्याचा पट्टा तपासला, चटई उचलली आणि कॅम्परच्या खाली, चाकाशेजारी अंथरून ठेवली.