ससा, कासव आणि लिंक्ड लिस्ट

गेले तीन आठवडे मी रोज सकाळी लिंक्ड लिस्टचे प्रॉब्लेम सोडवतोय. वय वर्षे ४२. कारण साधं आहे. पुण्यातल्या कंपनीनं आमची अख्खी टीमच बंद केली, आणि नव्या नोकरीच्या मुलाखतीत १८ वर्षांच्या अनुभवाच्या आधी हेच विचारतात. मुलांना सुट्ट्या होत्या म्हणून सगळे वरवट बकालला घरी आलोय. घराचे हप्ते काही सुट्टीवर जात नाहीत, म्हणून सोबत वही-पेन्सिल!

आता हा काय प्रकार आहे ते सांगतो. (आत्या, हा परिच्छेद खास तुझ्यासाठी.) अ‍ॅरे म्हणजे शाळेतल्या वर्गखोल्या. सातवी खोली हवी असेल तर थेट सातव्या दारावर जायचं. लिंक्ड लिस्ट म्हणजे गावात पत्ता विचारत जाणं. प्रत्येक घराला फक्त पुढच्या घराचा पत्ता ठाऊक. सातव्या घरी जायचं तर आधीची सहा घरं चुकत नाहीत. शेवटचा म्हणतो, "माझ्यापुढे कोणी नाही." ह्याला नल म्हणायचं. फायदा असा की मध्येच नवं घर आलं तर सगळ्यांना सरकवावं लागत नाही, दोन पत्ते बदलले की झालं.

ही कल्पना १९५५-५६ सालची. न्यूवेल, शॉ आणि सायमन हे तिघं तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम लिहीत होते. कुठल्या पायरीला किती जागा लागेल ते आधी सांगता येईना. मग जिथे जागा रिकामी मिळेल तिथे तुकडा ठेवायचा आणि त्यात पुढच्या तुकड्याचा पत्ता लिहायचा.

मुलाखतीतला ठरलेला प्रश्न म्हणजे लिस्ट उलटी करा. ऐकायला किती सोपं! प्रत्येकाचा बाण मागे वळवायचा, बस्स. पण बाण वळवला की पुढच्याचा पत्ता पुसला जातो, आणि मग उरलेली सगळी लिस्ट मेमरीत कुठेतरी पडून राहते, तिच्यापर्यंत जायला वाट नाही. म्हणून तीन पत्ते हाताशी ठेवायचे: मागचा, आत्ताचा, पुढचा. पुढचा आधी लिहून घ्यायचा, मग आत्ताचा बाण वळवायचा, आणि मग तिघांनाही एकेक घर पुढे न्यायचं.

बाबा ओट्यावरून बघत होते. "काय खोडून रायला रे सकाळपासून?" मी काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे पुढच्याचा कासरा हातात घेतल्याबिगर मागच्याचा सोडाचा नाई. इतकंच ना?"

इतकंच! मी खूश. जरा वेळानं तेच हळूच म्हणाले, "तुले त त्यायनंच सोडून देलं."

यावर मला काही बोलता आलं नाही. मी पुढचा प्रॉब्लेम घेतला.

तो होता ससा-कासवाचा. लिस्ट कुठेतरी संपते, की गोल फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते, हे ओळखायचं. ही युक्ती रॉबर्ट फ्लॉइडच्या नावावर आहे. कासव एक घर चालतं, ससा दोन. इथला ससा झोपत नाही हं. वाट सरळ असेल तर ससा शेवटाला पोहोचतो, आणि तेव्हा कासव बरोबर मध्यावर असतं. वाट गोल असेल तर दोघंही त्या गोलात शिरल्यावर अंतर दर पावलाला एकानं कमी होत जातं, त्यामुळे ससा कासवाला गाठतोच. ओलांडून जाऊच शकत नाही. सगळ्या घरांची यादी ठेवायची गरज नाही, दोन पत्ते पुरतात. हे पहिल्यांदा नीट उमगलं त्या दिवशी मी चहा विसरलो होतो.

पुतण्या म्हणतो, "काका, हे सगळं एआय पाच सेकंदात लिहून देतं." खरं आहे. आणि १८ वर्षांत कामावर मी लिंक्ड लिस्ट हातानं क्वचितच लिहिली हेही खरं. अ‍ॅरेतला डेटा सलग असतो, प्रोसेसरला तो पटकन मिळतो, त्यामुळे बहुतेक वेळा तोच बरा पडतो. पण लिनक्सच्या गाभ्यात लिंक्ड लिस्ट जागोजागी आहेत, आणि गिटमधला प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटचा पत्ता धरून असतो.

मला वाटतं, उत्तरापेक्षा सवय महत्त्वाची. चालू सिस्टीम जुन्या डेटाबेसवरून नव्यावर नेताना आम्ही रात्ररात्र हेच तर करायचो. जुनं तोडण्याआधी नवं कुणाच्या हातात आहे ते बघायचं. तिथे कोड कुणी लिहिला याला महत्त्व नसतं. आत्ता कोणता पत्ता कुणाजवळ आहे, हे कुणाच्या तरी डोक्यात पक्कं असावं लागतं. ते माणूस मुलाखतीत बघत असतील तर माझी तक्रार नाही. ४५ मिनिटांत ते दिसतं का, याची मात्र शंका आहे.

असो. एलआरयू कॅश अजून व्हायचाय. त्यात मागचा आणि पुढचा असे दोन्ही पत्ते सांभाळायचे, शिवाय हॅश टेबल. तो उद्या सकाळी. मुलाखत गुरुवारी आहे, बुधवारी शेगावहून गाडी. नातेवाइकांना एकच विनंती, निकाल काय लागला म्हणून बाबांना फोन करू नका. मीच कळवीन.