फिरता महिना

आमच्याकडे बाकीचे सण आपापल्या ऋतूत घर करून बसलेले आहेत. मार्गशीर्षात, अंगावर घोंगडी घ्यायच्या दिवसांत, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. गुढी उभी राहते ती पानगळ सरून लिंबाला फुलोरा आल्यावरच. रमजान तेवढा फिरता. दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत तो सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू पालथे घालतो. म्हणून रोजे धरणाऱ्या माणसाला या मातीतली भूक बाराही महिन्यांची कळते.

हिशेब सरळ आहे. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 दिवसांचं. मराठी पंचांग ही तूट अधिक महिना धरून भरून काढतं. अरबस्तानातही एके काळी असा वाढीव महिना धरत. कुराणाच्या नवव्या सूरेत त्याला मनाई झाली आणि हिजरी महिने मोकळे झाले. राज्य चालवणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. सारा पिकावर आणि पीक सूर्यावर! अकबराच्या काळात त्यासाठी फसली साल सुरू झालं. निजामाच्या राज्यातही महसुलाचं दफ्तर फसलीतच लिहिलं जाई. आमच्या भागातल्या जुन्या कागदांवर अजून ते आकडे भेटतात. सारा सूर्याच्या हिशेबानं आणि रोजा चंद्राच्या, अशी ही वाटणी.

जूनमधला रोजा आमच्याकडे साडेचौदा तासांच्या आसपास भरतो, डिसेंबरातला सव्वाबारा. पण फरक घड्याळापेक्षा घशाला जास्त कळतो. हिवाळ्यातला रोजा हुशार पाहुण्यासारखा, फार वेळ न घेता उठून जाणारा. उन्हाळ्यातल्या रोज्यात शेतकरी माणूस सहरीची भाकरी खाऊन, फजरची नमाज पढून तसाच रानात जातो आणि ऊन चढायच्या आत परततो. मृग निघाला की तेही जमत नाही. वाफसा आला की पेरणी थांबत नाही. तिफणीमागे चालणाऱ्याला रोजा आहे की नाही, हे ढगाला ठाऊक नसतं.

2016 चा रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला. त्याच्या आधी एप्रिलपासून शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. नमाजाआधी वजूला, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायला बसलेली म्हातारी माणसं पाणी धारेनं न घेता चुळीचुळीनं घेत. तसं तर नदीकाठी बसूनही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण जुनीच. त्या वर्षी एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. रोज्याच्या तहानेला वेळापत्रक असतं. मशिदीबाहेर छापील तक्ता लागतो, त्यात इफ्तारची वेळ मिनिटासकट लिहिलेली असते. टँकरची वाट बघत बसलेल्या बाईच्या तहानेला असा तक्ता नाही. धरलेली तहान या वाट्याला आलेल्या तहानेची ओळख करून देते, आणि रोज्याचं मोल मला तिथंच दिसतं.

रोजा सुटतो खजुरानं, मग पाणी. हे कुठंही, कधीही तेच. त्यापुढचं ताट मात्र ऋतूचं. उन्हाळ्यात टरबूज आणि लिंबाचं सरबत, पावसाळ्यात गरम भजे, थंडीत पेरू, बोरं. मोड आलेले किंवा उकडलेले हरभरे बहुतेक सगळ्याच मोसमांत. शेवयांनाही ऋतू सांभाळावा लागतो. त्यांना वाळायला कडक ऊन लागतं, म्हणून ईद पावसाळ्यात येणार असली की घरातल्या बाया त्या उन्हाळ्यातच करून डब्यात भरून ठेवत. अशा वर्षी ईद डब्याच्या तळाशी आधीच येऊन बसलेली असे.

चाँदरातीला माळवदावर लेकरांची गर्दी. "दिखा क्या?" खालून अम्मीचा आवाज. दिसला की तिची लगबग सुरू: खारका रात्रीच भिजत घालायच्या, सकाळी त्यांचे पातळ काप, शेवया तुपात परतायच्या, दूध आटवायचं, चारोळी, खोबरं, बदाम. पण त्याआधी फितरा. घरातल्या तान्ह्या बाळासकट माणशी साधारण दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरजूकडे पोचवायची, तीही ईदगाहची नमाज होण्याआधी. दुसऱ्याची चूल पेटायची सोय झाली, मगच आपला शीरखुर्मा. शिवाय शीरखुर्मा दुधाचा. मटण न खाणाऱ्या शेजारच्या काकींकडेही तो बिनघोर जातो आणि डबा रिकामा परत येत नाही.

त्या परतीच्या डब्यात काय येतं, तेही चंद्रच ठरवतो. 2021, 2022 आणि 2023, अशी लागोपाठ तीन वर्षं रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली. शीरखुर्मा गेला आणि आमरस आला. मग 2023 मध्ये अधिक श्रावण पडला आणि मराठी महिने पुढं सरकले. 2024 ला ईद पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी, 2025 ला पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी. आता डब्यात साखरेच्या गाठी. दोन्ही पंचांगांचा चंद्र एकच, अमावास्याही एकच. एक त्याला ऋतूशी बांधून ठेवतं, दुसरं सोडून देतं. सोडून दिलं म्हणूनच तो एकेका सणाच्या दारात जाऊन येतो. रमजानही अधिक महिना धरत असता, तर ईदला एकच शेजारी सण लाभला असता.

पुढचाही अंदाज मांडता येतो. 2030 मध्ये रमजान दोनदा लागेल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. जानेवारीत ज्वारी हुरड्यात असेल, तर तो हुरडा तेव्हा इफ्तारच्या ताटात येईल. आणि 2048 च्या सुमारास तो पुन्हा जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर येऊन उभा राहील. ऊन तेव्हाही असेल, रोजा तेव्हाही साडेचौदा तासांचाच असेल. तोवर टँकरची वाट बघणाऱ्या बाईच्या तहानेलाही एक वेळ ठरवून देता आली, तर आमच्या रोज्यांनी आम्हाला काही शिकवलं असं म्हणता येईल. नाही तर आम्ही नुसतेच उपाशी राहिलो.